‘जुळलं’ म्हणालो होतो, ते मागे घेतो

प्रिय मित्रा,

गेल्या आठवड्यात रात्री घाईघाईत तुला ‘जुळलं!’ असा निरोप धाडला होता. तो खोडून टाक.

काचेच्या बारीक नळीतून पाण्याबरोबर वाहणारा तुझ्या प्रयोगाच्या व्हिडिओतला हवेचा बुडबुडा आणि माझ्या सिम्युलेशनमधला, म्हणजे कॉम्प्युटरवर गणिताने वाहवलेला, शेजारी ठेवले तर जुळे भाऊ वाटतात. लांबी तीच, पुढचं टोक तसंच गोल. मी हुरळलो. सकाळी भिंतीजवळ झूम करून पाहिलं आणि पोटात गोळा आला. हवा आणि काच यांच्यामध्ये पाण्याचा थरच नव्हता रे!

तुझी नळी 100 मायक्रॉन व्यासाची, वेग सेकंदाला 10 सेंटिमीटर. म्हणजे कॅपिलरी नंबर (चिकटपणाचा जोर पृष्ठताणाच्या तुलनेत किती, ते सांगणारा आकडा) 0.0014 च्या आसपास. या आकड्यावरून थराची जाडी सांगणारा ब्रेदरटनचा 1961 चा नियम लावला तर ती जेमतेम 0.8 मायक्रॉन येते. आणि माझ्या मेशचा, म्हणजे गणितासाठी नळीवर टाकलेल्या जाळीचा, एक सेल (चौकट) 2 मायक्रॉनचा! नळीच्या रुंदीत 50 सेल बसवले म्हणून मी खूश होतो; खरं तर त्या थरातच चार-पाच सेल हवे होते.

मग लांबी जुळली कशी? मेख इथेच आहे. थर नाही म्हटल्यावर हवा थेट काचेला टेकली, मी दिलेला संपर्ककोन (पाण्याची कड काचेला ज्या कोनात टेकते तो) कामाला लागला, आणि तो कोन मीच तुझा व्हिडिओ बघत तीनदा बदलला होता. उत्तर बघून गणित सोडवल्यावर ते सुटणारच. वेगाचंही तेच. थर असता तर बुडबुडा एकूण प्रवाहाच्या सरासरी वेगापेक्षा साधारण 3 टक्के पुढे पळायला हवा होता. माझा मुकाट्याने बरोबरीने चालला होता. एवढा फरक तुझ्या सिरिंज पंपाच्या हिसक्यांत सहज लपतो, म्हणून ‘मोजमापाच्या चुकीत बसतं’ असं म्हणून आपण दोघांनीही तो सोडून दिला. (तू जरा आधी म्हणालास, हे नोंदवून ठेवतो.)

मग माझं गणितच तपासायला दोन दिवस सिम्युलेशनमध्ये नुसता एक स्थिर बुडबुडा घेऊन बसलो. त्रिज्या 50 मायक्रॉन, प्रवाह शून्य. आतला दाब बाहेरच्यापेक्षा 2880 पास्कलने जास्त यायला हवा, तो जवळपास आला. वेग मात्र सगळीकडे शून्य हवा, तर पृष्ठभागाला लागून भोवरे गरगरत होते, सेकंदाला 4 सेंटिमीटरपर्यंत! पृष्ठभागाची वक्रता काढताना झालेली बारीकशी चूक पृष्ठताणाने गुणली जाते आणि तिचं खोटं बल होऊन बसतं. व्हीओएफचं (प्रत्येक सेलमध्ये पाणी किती, हवा किती याचा हिशेब ठेवणाऱ्या माझ्या पद्धतीचं) हे जुनंच दुखणं, आणि नुसती मेश बारीक करून ते जात नाही. वक्रता काढायची पद्धत बदलली तेव्हा कुठे भोवरे निवळले.

आता तुझ्याकडे एक काम आहे. पाण्याऐवजी ग्लिसरीनचं द्रावण घे, पाण्याच्या दहापट चिकट. वेग तोच ठेवलास तर थर 3 मायक्रॉनच्या वर जाईल. भिंतीजवळ मेश थोडी बारीक केली की मला झेपेल आणि तुझ्या मायक्रोस्कोपलाही दिसेल. गोल काचेतून बघताना भिंतीजवळचं चित्र वाकडं होतं, तेव्हा नळी तिच्याच अपवर्तनांकाच्या द्रवात बुडवून ठेव. चौकोनी चॅनल इतक्यात नको, तिथे पाणी कोपऱ्यांतून निसटतं आणि हा नियमच लागत नाही.

आणि या वेळी मला व्हिडिओ दाखवू नकोस. प्रवाहाचा दर, चिकटपणा आणि पृष्ठताण एवढंच कळव. मी थराची जाडी आणि बुडबुड्याचा वेग आधी लिहून पाठवतो, मगच तू तुझी फाइल उघड. द्रावणाचं तापमान न विसरता लिहून ठेव. ग्लिसरीनचा चिकटपणा एक-दोन अंशांतही बदलतो, आणि मग आपण परत एकमेकांच्या डोक्यावर खापर फोडत बसू.

तुझाच,
बुडबुडेवाला