तेराचं फॅक्टोरिअल

मॅडम,
सा. न. वि. वि.

१९९३ ची मे महिन्याची सुट्टी, साताऱ्यातला तुमचा क्लास. दारात चपला काढायच्या, एका मशीनवर दोघं बसायचं, आणि लाइट गेली की सेव्ह न केलेलं सगळं गेलं. तिथंच टर्बो सीच्या, म्हणजे सी भाषेत प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरच्या, निळ्या स्क्रीनवर मी फॅक्टोरिअलचा, म्हणजे एकपासून त्या आकड्यापर्यंतच्या सगळ्या आकड्यांच्या गुणाकाराचा, प्रोग्रॅम लिहिला. सातचं उत्तर ५०४० आलं. आठचं आलं उणे २५२१६.

मशीन बिघडलंय म्हणून मी तुम्हाला हाक मारली. तुम्ही कीबोर्डला हातही लावला नाहीत. पाठकोरा कागद पुढे सरकवलात आणि म्हणालात, "इंट म्हणजे आकडा ठेवायची छोटी जागा, तिच्यात ३२७६७ पर्यंतच मावतं. त्यानंतर थेट उणे ३२७६८ येतं. आता पुढं तू मोज." आठचं खरं उत्तर ४०३२०. त्यातून इंटमध्ये मावणाऱ्या आकड्यांची एकूण संख्या, ६५५३६, वजा केली, आणि अगदी तोच आकडा आला! अंगावर काटा आला होता, मॅडम. मशीन बरोबर होतं, जागा पुरली नव्हती.

मग इंटचं लाँग, म्हणजे दुप्पट मोठी जागा, केलं, तरी पुन्हा उणे २५२१६. बॅच संपली, बाकीची मुलं गेली, तुम्ही थांबलात. उत्तर छापणाऱ्या प्रिंटएफमध्ये इंटसाठीची खूण, परसेंट डी, तशीच राहिलीय, हे मला सापडायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ तुम्ही शेजारी बसून होतात आणि सांगितलं नाहीत. तेव्हा राग आला होता.

४०३२० दिसल्यावर मी उठायला लागलो, तर तुम्ही म्हणालात, "तेरा घालून बघ." १९३२०५३५०४ आलं. मी खूश. तुम्ही कागदाकडे बोट दाखवलंत. हातानं गुणाकार केला तर ६२२७०२०८०० येत होते; लाँगलाही जागा पुरली नव्हती. उणे आलं की चूक निदान दिसते, हा आकडा तर खऱ्यासारखा होता. आज पगाराची सॉफ्टवेअरं लिहिताना मला उणे आकड्यांपेक्षा असल्या आकड्यांची जास्त भीती वाटते, आणि ती तुम्ही दिलेली आहे.

परवा लेकीनं पायथन भाषेत शंभरचं फॅक्टोरिअल काढलं. १५८ अंक, सगळे बरोबर. तिला जागेची चिंता नाही. तरी मी तिला तेराचं हातानं करायला बसवलं.

त्या जादा वेळाचे पैसे तुम्ही कधी घेतले नाहीत, आणि मी साधं 'थँक्यू' म्हणायचंही राहून गेलं. मॅडम, मनापासून आभार.

तुमचा,
दुसऱ्या बॅचमधला, खिडकीजवळच्या मशीनवरचा