‘हार्ट फेल’ या शब्दाची भीती

संपादक महोदय,

माणूस अचानक गेला की आपल्याकडे ‘हार्ट फेल झाले’ म्हणतात. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी आमच्या यजमानांना ‘हार्ट फेल्युअर’ सांगितले, तेव्हा माझ्या पायांखालची जमीनच सरकली. डॉक्टरांनी मला बसवून समजावले: हृदय बंद पडलेले नाही, त्याचा पंप अशक्त झाला आहे. रक्त पुढे नीट ढकलले जात नाही, म्हणून पाणी पायांत आणि फुप्फुसांत साचते. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग 30 टक्के आले; म्हणजे हृदयात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला एवढेच बाहेर ढकलले जाते. निरोगी माणसाचे साधारण 55 च्या पुढे असते.

खुणा दोन महिने घरातच होत्या. संध्याकाळी चपलेचा पट्टा लागत नसे. नडगीवर अंगठा दाबला की खळगा तसाच राही. रात्री आडवे पडले की खोकला, मग दोन उशांच्या तीन झाल्या. मी आल्याचा काढा देत राहिले. ‘वय झाले’ म्हणून पायांकडे काणाडोळा केला, याची मला आजही टोचणी आहे.

बीपी पंधरा वर्षांचे. बरे वाटले की गोळी बंद. त्यात गुडघ्यांसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या. या गोळ्यांनी अंगात मीठ-पाणी धरून राहते आणि अशक्त हृदयावर ताण येतो, हे आम्हाला कुणीच सांगितले नव्हते. गोळी देताना औषध दुकानदाराने ‘बीपी, हृदयाचा त्रास आहे का?’ एवढे विचारले तरी पुष्कळ होईल.

आता रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाआधी, ते वजनकाट्यावर उभे राहतात. आकडा मी कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिते. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते पाणी असते, लगेच फोन करायचा, असे डॉक्टरांनी बजावले आहे. दिवाळीत तसे झाले. फराळाचा शेव-चिवडा नडला होता. वेळीच कळवल्याने गोळीचा डोस बदलून भागले, ॲडमिट व्हावे लागले नाही. पापड-लोणचे तेव्हापासून ताटातून गेले.

आपल्या आरोग्य पुरवणीत हार्ट अटॅकवर पुष्कळ छापून येते. सुजलेले पाय आणि वाढलेल्या उशा यांवरही एकदा सविस्तर लिहावे, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, कराड