छाटलेल्या बीच वृक्षांचे मोल

संपादक महोदय,

इंग्लंडच्या पर्यटनावर आपल्याकडे भरपूर लिहिले जाते, पण लंडनजवळच्या बर्नहॅम बीचेस या रानाचा उल्लेख क्वचितच येतो, याची खंत वाटते. तिथे शेकडो वर्षांचे बीच (beech) या पानझडी जातीचे वृक्ष आहेत. बुंधे आखूड, गाठाळ, आतून पोकळ. माथ्यावर फांद्यांचा पसारा. हा आकार माणसाने दिलेला आहे. गुरांचे तोंड पोहोचणार नाही अशा उंचीवर फांद्या छाटायच्या, जळण न्यायचे, खाली गुरे चारायची. काही वर्षांनी नवे फुटवे पुन्हा तोडायचे. या छाटणीनेच झाडांचे आयुष्य वाढले. कोळसा आल्यावर ही रीत मोडली, फांद्या अवजड झाल्या आणि पोकळ खोडे दुभंगू लागली. १८८० मध्ये लंडन शहराच्या कॉर्पोरेशनने हे रान विकत घेतले, म्हणून ते वाचले. आता तिथे फांद्यांचा भार टप्प्याटप्प्याने उतरवतात, कारण एकदम छाटलेला म्हातारा बीच बहुधा वठतो.

उत्तर इंग्लंडात आणि वेल्सच्या बऱ्याच भागात मात्र बीचला ‘बाहेरचा’ मानतात. आग्नेय वेल्समधली क्लिडाख खोऱ्यासारखी काही बीचवने तेवढी मूळची. मला हा भेद आता पटत नाही. उथळ मुळांच्या या झाडाला अवर्षण सोसत नाही; १९७६ च्या दुष्काळाने दक्षिणेत त्याचे मोठे नुकसान केले. उन्हाळे तापत असताना उत्तरेतले बीच उपरे म्हणून तोडू नयेत.

– एक वाचक, रीडिंग (इंग्लंड)