वाळू महसूल खात्याची की नदीची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कार्बन, जंगलतोड, प्लास्टिक, वितळणारा बर्फ यांवर आपल्या संपादकीय पानात नेहमी काही ना काही येते आणि मी ते आवडीने वाचतो. वाळूची बातमी मात्र कायम जिल्हा पानावर, आणि तिचा साचाही ठरलेला: महसूल पथकाने पहाटे वाळूचा हायवा ट्रक पकडला, चालक अंधाराचा फायदा घेऊन पळाला, इतक्या लाखांचा मुद्देमाल जप्त. पाण्याखालोखाल माणूस जगात सर्वाधिक वापरतो ती ही वस्तू, आणि तिची गोष्ट मुद्देमालापाशी संपते!

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जग वर्षाला सुमारे ५,००० कोटी टन वाळू-खडी वापरते. पृथ्वीभोवती २७ मीटर रुंद आणि २७ मीटर उंच भिंत दरवर्षी नव्याने बांधता येईल, एवढा हा माल. १९७० पासून जगभरात पृथ्वीतून उपसल्या जाणाऱ्या एकूण साधनसामग्रीचे वजन तिपटीहून अधिक झाले, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा कोळशाचा किंवा तेलाचा नाही, वाळू-खडीसारख्या बांधकामाच्या मालाचा आहे. वाळवंटातली वाळू वाऱ्याने घासून गोल झालेली असते, ती काँक्रीटला फारशी चालत नाही, त्यामुळे सगळा भार नद्यांवर आणि किनाऱ्यांवर. सिंगापूरने समुद्र बुजवून देश मोठा केला तो शेजाऱ्यांची वाळू आणून. शेवटी इंडोनेशियाने २००७ मध्ये आणि कंबोडियाने २०१७ मध्ये तिकडे जाणारी वाळू बंद केली. व्हिएतनाममध्ये मेकाँगच्या मुखाशी काठ ढासळून घरे नदीत जातात, त्याला वरची धरणे आणि खालचा उपसा अशी दोन्ही कारणे अभ्यासक देतात.

ही दोन्ही कारणे आम्हा गोदाकाठच्या लोकांना परकी नाहीत. वाळू दरवर्षी पुराबरोबर येतेच, मग उचलली तर बिघडले कुठे, असा युक्तिवाद गावोगाव ऐकू येतो. धरणांच्या आधीच्या गोदावरीला तो बराचसा लागू होता. १९७६ मध्ये जायकवाडी धरण पूर्ण झाले. खाली ढालेगाव, मुदगल, दिग्रस, विष्णुपुरी असे बंधारे झाले. पाणी अडले की त्यातला भरड माल आधी तळाला बसतो, त्यामुळे वरून येणारी वाळू जायकवाडीच्या जलाशयात, नाथसागरातच राहते. खाली येते ती मधल्या ओढ्या-नाल्यांनी आणि उपनद्यांनी आणलेली. आवक घटली आणि त्याच काळात फावडे-घमेल्याच्या जागी पोकलेन आणि सक्शन पंप आले.

वाळू गेल्यावर काय जाते ते शहरातल्या वाचकांना सहज कळणार नाही. पावसाळ्यानंतर पात्र कोरडे दिसते, पण वाळूच्या पोटात पाणी असते. वरचा थर उन्हाला आडवा येतो, त्यामुळे ते फारसे उडून जात नाही. उन्हाळ्यात बायका हाताने झिरा उकरून घागर भरत, ते हेच पाणी. काठच्या विहिरी त्याच्याच जिवावर टिकत आणि पात्रात टरबूज-खरबुजाच्या वाड्या होत, त्यावर भोई समाजातली कितीतरी घरे चालत. पात्र दोन-तीन पुरुष खोल गेले की उलटे होते: काठाच्या शिवारातले पाणी नदीकडे उतरू लागते. मग शेतकरी विहिरीत आडवे बोअर मारतो, त्यापुढे उभे मारतो, आणि कर्ज काढतो. त्याच खड्ड्यांत पोहायला गेलेली पोरे बुडतात, ती बातमी पुन्हा जिल्हा पानावर. पुलांचे पाये उघडे पडतात ते वेगळेच.

शासनाने काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. २०२३ मध्ये सरकारी डेपोतून ६०० रुपये ब्रासने (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) वाळू द्यायचे धोरण आले, २०२५ मध्ये ते बदलून पुन्हा लिलाव आले, घरकुलवाल्यांना पाच ब्रास मोफत देण्याचेही ठरले. गरिबाचे घर व्हायलाच हवे, त्याला कोण नाही म्हणेल? पण दोन्ही धोरणांत चर्चा झाली ती दर, डेपो, लिलाव आणि रॉयल्टीची. वाळू हे गौण खनिज, ते महसुलाचे. पाण्याचा विषय दुसऱ्या खात्याचा. नदीला ही खातेवाटणी कुणी कळवली नसावी.

खरा प्रश्न सोपा आहे: या पावसाळ्यात या घाटात, म्हणजे वाळू उपशासाठी ठरवलेल्या पात्राच्या पट्ट्यात, नवीन वाळू किती आली? केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ही पुनर्भरणाची मोजणी सांगितली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जम्मू-काश्मीरच्या एका प्रकरणात स्पष्ट केले, की या अभ्यासाशिवाय वाळू उपशाला पर्यावरण मंजुरी देता येणार नाही. म्हणजे कायदा आमच्या बाजूने आहे. तो घाटापर्यंत पोहोचतो का, हे पाहायला कुणी येत नाही.

दगड भरडून केलेली वाळू, जिला आता एम-सँड म्हणतात, हा उपाय म्हणून पुढे केला जातो. सरकारी कामांत ती आधी आणि सक्तीने वापरावी, याला माझा पाठिंबा आहे. पण तीही डोंगर फोडूनच येते, हे विसरून चालणार नाही. जुन्या इमारती पाडल्यावर निघणारा राडारोडा शहरे रात्री गुपचूप ओढ्यात टाकतात. तो भरडून रस्त्याच्या भरावात आणि फरशीच्या ठोकळ्यांत वापरता येतो, त्याची सक्ती आधी महानगरपालिकांवर व्हावी.

आपल्याला एक विनंती. यंदा आपल्या तालुका वार्ताहरांनी पकडलेल्या हायवांची संख्या विचारावीच, पण त्याबरोबर लिलावाच्या यादीतल्या प्रत्येक घाटाबद्दल दोन आकडे मागावेत: पावसाळ्यापूर्वी पात्राची पातळी किती होती आणि नंतर किती भरली. आकडे मिळाले तर ते गावाच्या नावासह छापा. मोजणीच झाली नसेल तर तेही छापा, आणि लिलावाच्या तारखेआधी छापा.

आपला,
एक शेतकरी वाचक, गोदाकाठ, जि. परभणी