अझाथायोप्रिन लिहिण्याआधी एक जनुक तपासा

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्याच्या दाहाचे आजार नुसत्या ‘बाहेरच्या खाण्याने’ होत नाहीत आणि केवळ आनुवंशिकही नसतात. आयएल-१० हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांचे मोठे आतडे सुजते. तेच उंदीर जंतुविरहित पेटीत वाढवले तर सुजत नाही, हे १९९८ मध्ये दिसले; म्हणजे जनुकाचा दोष आणि जिवाणू दोन्ही लागतात. २००१ मध्ये क्रोन्सशी जोडलेले एनओडी२ जनुक सापडले. जिवाणूच्या भिंतीचा तुकडा ओळखणे हेच त्याचे काम. पण युरोपीय रुग्णांत आढळणारे त्यातले ठरावीक दोष भारतीयांत क्वचितच सापडतात, त्यामुळे तिकडची यादी इथे निदानाला चालत नाही. शौचाच्या नमुन्यावरून ‘तुमच्या पोटातले जिवाणू’ छापून देणाऱ्या महागड्या किटवरूनही या आजाराचे निदान होत नाही. तशा खरेदीचा प्रस्ताव आला तर परत पाठवावा.

आमची मागणी वेगळ्या जनुकाची आहे : एनयूडीटी१५.

या रुग्णांना अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबून दाह आवरणारे औषध वर्षानुवर्षे द्यावे लागते. वजनाच्या दर किलोला रोज २ मिलिग्रॅम धरले तर ५० किलोच्या माणसाला रोज ५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या. एनयूडीटी१५ सदोष असेल तर औषधाचे विषारी रूप शरीरात निकामी होत नाही, ते पेशींच्या डीएनएत शिरते आणि रक्त तयार करणाऱ्या अस्थिमगजाचे काम मंदावते. या जनुकाच्या, आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या, दोन्ही प्रती सदोष असल्या की काही आठवड्यांतच केस मुठीने हातात येतात, पांढऱ्या पेशी कोसळतात. केस गळणे ही धोक्याची घंटा. रुग्ण मात्र तेल बदलतो आणि ताप चढल्यावर येतो.

जुन्या पाश्चात्त्य पुस्तकांत यासाठी टीपीएमटी हे दुसरे जनुक तपासायला सांगितले आहे. आपल्याकडे तेवढ्यावर विसंबणे चूक. आशियाई रुग्णांत एनयूडीटी१५चे दोष जास्त आढळतात, आणि हा संबंध २०१४ मध्येच कोरियन रुग्णांत उघड झाला.

तपासणीला जांभळ्या टोपणाच्या नळीत २ मिली रक्त पुरते, तेही आयुष्यात एकदाच. कोरोनाच्या काळात शासकीय महाविद्यालयांत आलेल्या आरटी-पीसीआर यंत्रांवर ती होऊ शकते. लागतील फक्त रसायने, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि ‘रिपोर्ट आधी, गोळी नंतर’ असा लेखी आदेश. एक प्रत सदोष असेल तर डोस कमी करून सुरुवात करावी. दोन्ही असतील तर हे औषध देऊच नये, दुसरे निवडावे.

रिपोर्ट चांगला आला म्हणून सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, मात्र टाळता येत नाही. पहिला महिना दर आठवड्याला, पुढचे दोन महिने पंधरवड्याला. गावाकडचा रुग्ण इथेच गळतो, कारण प्रत्येक खेपेला एसटीचे भाडे आणि एक रोज बुडतो. म्हणून ग्रामीण रुग्णालयातला सीबीसी ग्राह्य धरावा आणि त्याचा आकडा त्याच दिवशी फोनवर महाविद्यालयाला कळवायची सोय करावी. ग्रामीण रुग्णालये आरोग्य खात्याकडे आहेत आणि ते खाते आपल्या अखत्यारीत नाही, हे ठाऊक आहे. आरोग्यमंत्र्यांशी बोलून हे आपणच जुळवू शकता.

आपले,
पोटविकार आणि जनुकशास्त्र या विषयांत काम करणारे डॉक्टर