दप्तर तोलले, बैठकीचे तास कोण मोजणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी जून आला की दप्तराच्या ओझ्याची चर्चा रंगते. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत असावे, असे राज्य शासनाने २०१५ मध्येच सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शालेय दप्तर धोरणातही तेच आहे. निकष योग्य आहे. पण आठवी ते बारावीच्या मुलांची मान-कंबर दुखते तेव्हा एकट्या दप्तराला आरोपी करणे पुराव्याला धरून नाही. ते पाठीवर असते फार तर तासभर. शाळा, क्लास, गृहपाठ आणि मोबाइल मिळून बसणे मात्र सहज आठ-दहा तासांवर जाते.

‘ताठ बस’ या घरोघरच्या हुकमाचा परिणाम पाच मिनिटे टिकतो, कारण ताठ बसूनही स्नायू थकतातच. त्रास एखाद्या ‘चुकीच्या’ बैठकीपेक्षा एकाच बैठकीत तासन् तास राहण्याचा अधिक. दर अर्ध्या तासाने उठावे, दोन मिनिटे चालावे, हात डोक्यावर ताणावेत, खांदे मागे घेऊन दहा वेळा सोडावेत. एवढे पुरते.

बाकांबद्दल कोणी बोलत नाही. अनेक शाळांत पाचवीला आणि दहावीला एकाच मापाचा बाक असतो. लहान मुलाचे पाय लोंबकळतात, उंच मूल वहीवर दुमडते. पावले जमिनीवर सपाट, गुडघे साधारण काटकोनात आणि मेज कोपराच्या पातळीला किंवा किंचित वर, हे माप. ऐन वाढीच्या वयात उंची वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटर वाढू शकते. म्हणून जूनमध्ये जुळलेली खुर्ची दिवाळीनंतर पुन्हा तपासावी.

घरी पलंगावर पालथे पडून वाचणे मानेला जड जाते. त्यापेक्षा मेजावर पाट ठेवून त्याची मागची कड दहा सेंटिमीटर उचलावी. पुस्तक डोळ्यांकडे येते. ते घसरते, म्हणून खालच्या कडेला पट्टी चिकटवावी. मोबाइल बघताना कोपरांखाली उशी घेतली की तो आपोआप वर येतो. (मान वाकवली की २७ किलो भार पडतो, हा व्हॉट्सॲपवर फिरणारा आकडा गणिती प्रारूपातला आहे, मुलांवर मोजलेला नव्हे. त्याने घाबरवू नये.)

दहावी आली की खेळ बंद, हा आपल्याकडचा रिवाज मात्र खरोखर महागात पडतो. जागतिक आरोग्य संघटना या वयाला रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते दमवणारी हालचाल सांगते. झोपही आठ ते दहा तास हवी, कारण अपुऱ्या झोपेत वेदना जास्त जाणवते. वर्षभर बसलेला मुलगा परीक्षा संपताच शिबिरात रोज वेगवान गोलंदाजी करू लागला, तर कमरेच्या मणक्याला ताणाने सूक्ष्म तडा जाऊ शकतो. कंबर एकाच बाजूला दुखते, मागे वाकताना जास्त. अशा वेळी मलम चोळून खेळवू नये. गोलंदाजी थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, ताप, घटणारे वजन, पायात मुंग्या किंवा अशक्तपणा, लघवीवरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही असेल तर व्यायामाचे प्रयोग न करता लगेच तपासणी करावी. मणक्याचा क्षय आपल्याकडे अजूनही आढळतो.

आपला,
एक फिजिओथेरपिस्ट वाचक, सातारा