किराणा दुकानदाराचा तिसरा मुलगा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी हल्ली एका रशियन लेखकाच्या कथा घेऊन बसलेली असते, हे ताईने तुम्हाला सांगितलंच आहे. बाबांनी फोनवर "कोण गं तो?" म्हणून विचारलं आणि नेमकं तेव्हाच वॉर्डातून बोलावणं आलं. म्हणून आज सविस्तर लिहिते. बाबा, तो किराणा दुकानदाराचा मुलगा होता आणि पेशाने डॉक्टर. तुम्हाला तो परका वाटणार नाही.

अंतोन चेकॉव्ह त्याचं नाव. १८६० साली अझोव्ह समुद्राकाठच्या तागानरोग या बंदराच्या गावात जन्मला. आजोबा भूदास होते, म्हणजे जमीनदाराच्या मालकीचे. पै-पै साठवून १८४१ साली त्यांनी स्वतःला आणि बायकामुलांना सोडवून घेतलं. वडील पावेल यांनी दुकान घातलं. चहा, साखर, तेल, खारवलेले मासे, सगळं त्यात. शाळेतून आलं की पोरांनी गल्ल्यावर बसायचं. हिवाळ्यात दुकानात एवढी थंडी असे की अभ्यासाला बसलेल्या अंतोनच्या दौतीतली शाई गोठायची, असं थोरल्या भावाने लिहून ठेवलंय. त्याच भावाने आणखी एक हकिगत सांगितली आहे. तेलाच्या पिंपात एकदा उंदीर बुडून मेला. वडिलांनी तेल फेकलं नाही, धर्मगुरूला बोलावून मंत्र म्हणवून ते शुद्ध करून घेतलं. व्हायचं तेच झालं, गिऱ्हाईक तुटलं. हे वाचताना मला आपला गोडेतेलाचा डबा आठवला. त्यात पाल पडली तेव्हा तुम्ही अख्खा डबा ओढ्याच्या कडेला ओतून दिलात. महिनाअखेर होती आणि आई काही बोलली नव्हती.

पावेल देवभक्त होते, पण मुलांना फार मारत. पहाटे उठवून चर्चमध्ये गायला उभं करत. १८७६ साली त्यांचं दिवाळं निघालं आणि देणेकऱ्यांना चुकवून ते मॉस्कोला पळाले. पाठोपाठ घरचे बाकीचेही गेले. शाळा पुरी करायला अंतोन गावातच राहिला, सोळा वर्षांचा. शिकवण्या करायच्या, घरातलं उरलंसुरलं किडुकमिडुक विकायचं आणि त्यातून आईला पैसे पाठवायचे, अशी त्याने तीन वर्षं काढली.

१८७९ मध्ये तो मॉस्कोला वैद्यकीच्या शिक्षणाला गेला आणि सगळं घर त्याच्यावर आलं. मग त्याने विनोदी साप्ताहिकांत छोटे छोटे तुकडे लिहायला घेतले. नाव घेतलं अंतोशा चेखोंते. एका साप्ताहिकात ओळीला आठ कोपेक (म्हणजे रशियन पैसे) मिळत, आणि मजकूर शंभरेक ओळींत बसवावा लागे. थोडक्यात पुरं चित्र उभं करायचं त्याचं कसब असं घरखर्चासाठी तयार झालं, असं मला वाटतं. १८८४ साली तो डॉक्टर झाला. दोन वर्षांनी ग्रिगोरोविच या ज्येष्ठ लेखकाचं पत्र आलं, की तुझ्या अंगात खरं सामर्थ्य आहे, घाईघाईने लिहून ते वाया घालवू नकोस. चेकॉव्हने उत्तरात कळवलं, एका दिवसापेक्षा जास्त वेळ दिलेली माझी एकही कथा मला आठवत नाही. त्यानंतर तो सावकाश लिहू लागला. १८८८ साली पुश्किन पुरस्कार मिळाला.

ग्रिगोरोविचचं पत्र आलं त्याच १८८६ सालातली एक कथा आहे. योना पोतापोव्ह नावाच्या म्हाताऱ्या घोडागाडीवाल्याचा तरणा मुलगा आठवड्यापूर्वी गेलाय. बर्फ पडतंय. गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला तो सांगू पाहतो, पण कुणाला ऐकायला सवड नाही. शेवटी तबेल्यात तो आपल्या घोडीलाच सगळं सांगतो. माझ्या ओपीडीत असे योना रोज येतात. पाठ दुखते म्हणून सांगतात आणि गोळ्या घेऊनही उठत नाहीत. ही कथा वाचल्यापासून मी त्यांना उठवत नाही, बाहेर रांग असली तरी.

१८९० साली तो सैबेरिया ओलांडून साखालिन बेटावर गेला. तिथे काळ्या पाण्याच्या शिक्षेवरचे कैदी ठेवत. सैबेरियात तेव्हा रेल्वे नव्हती, हजारो मैल घोडागाडीने आणि बोटीने. पुरे तीन महिने तो बेटावर घरोघर फिरला, एकट्याने सुमारे दहा हजार माणसांच्या माहितीची कार्डं भरली. परतीला बोट कोलंबोला थांबली, आणि तिथून त्याने घरी काय आणलं असेल? मुंगसं!

पण मला सांगायचं आहे ते मेलिखोवोचं. १८९२ मध्ये त्याने मॉस्कोच्या दक्षिणेला या खेड्यात जमीन-घर घेतलं आणि आई-वडिलांना तिथे नेलं. ज्या वडिलांनी वेताने बडवलं, त्यांना स्वतःची खोली दिली. पावेल तिथे रोजची वही लिहीत. आज थंडी किती, कोण पाहुणा आला, बागेत काय फुललं, एकेका ओळीत. त्याच साली कॉलऱ्याची साथ आली. पंचवीस खेडी, चार कारखाने आणि एक मठ एवढ्यांची जबाबदारी त्याने बिनपगारी घेतली. पहाटेपासून दाराशी रोगी उभे असत. पुढे त्या भागात त्याने तीन शाळा बांधल्या. आणि हे सगळं करताना तो स्वतः क्षयी होता, डॉक्टर असून आपलं दुखणं वर्षानुवर्षं मनावर घेत नव्हता. १८९७ साली मॉस्कोत जेवायला बसलेला असताना रक्ताची उलटी झाली, तेव्हा कुठे त्याने तपासून घेतलं. दुसऱ्या वर्षी वडील गेले. हवापालटासाठी तो काळ्या समुद्राकाठच्या याल्ताला राहायला गेला. १९०१ मध्ये ओल्गा क्निपर या नटीशी लग्न केलं, आणि १९०४ साली जर्मनीत, चव्वेचाळिसाव्या वर्षी वारला. आई त्याच्यामागे चौदा-पंधरा वर्षं जगली.

आई, आता तुझ्यासाठी. मरणाच्या दोन वर्षं आधी त्याने 'बिशप' नावाची कथा छापली. गरीब घरचा मुलगा मोठा धर्मगुरू झालाय. नऊ वर्षांनी म्हातारी आई भेटायला येते, पण ती त्याच्यासमोर अवघडते. अदबीने बोलते, बसू की उभी राहू हे तिला कळत नाही. बाकीच्यांशी मात्र मोकळेपणाने हसते-बोलते. त्याला ते खुपतं, पण सांगता येत नाही. मग त्याला विषमज्वर होतो, तो वाळून एवढासा दिसू लागतो, आणि तेव्हाच ती त्याला लहानपणच्या नावाने हाक मारून लहान पोरासारखं कुरवाळते. तो गेल्यावर, आडबाजूच्या छोट्या गावात संध्याकाळी गाय आणायला गेली की ती बायकांना सांगते, माझा मुलगा बिशप होता. तेही भीत भीत, खरं वाटणार नाही म्हणून. आणि काहींना ते खरं वाटतही नाही.

ही कथा वाचून मी खूप रडले. आई, मी डॉक्टर झाल्यापासून तूही माझ्याशी जपून बोलतेस. शेजारच्या काकूंसमोर मला 'डॉक्टरबाई' म्हणतेस. "कामात असशील" म्हणत दोन मिनिटांत फोन ठेवतेस. गुडघा सुजल्याचं मला ताईकडून कळतं. मला आजारी पडायच्या आधी कुरवाळून घ्यायचं आहे गं. वेणी नीट घातली नाही म्हणून रागाव, रात्री जागते म्हणून ओरड.

आणि बाबा, मोतीबिंदूसाठी पाठवलेले पैसे तुम्ही ताईच्या हाती परत दिलेत, "तिच्या संसाराला लागतील" म्हणून. मी ते पुन्हा पाठवते आहे. मी दिलेलं तुम्ही हक्काने घ्यावं, एवढंच मागणं आहे. दुकानाची उधारीची वही धरायला ताई चार दिवस येईल, तिच्याशी बोलणं झालंय. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात मी रजा टाकली आहे. डोळ्यावर पट्टी असेपर्यंत रोज एक कथा मी तुम्हाला मराठी करून वाचून दाखवेन, योनापासून सुरुवात करू. तोवर आईने गुडघ्याचा एक्स-रे काढून ठेवावा, टाळाटाळ नको.

तुमची,
मीनू